वर्तणूक समाधानकारक

खणकन आवाज झाला. दुपारची वेळ, माझी लेक दमू नुकतीच झोपलेली, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि काकासाहेबांच्या हातातून अडकित्ता फरशीवर पडला. काकासाहेब म्हणजे माझे चुलतसासरे. तहसिलीत एकतीस वर्षं पेशकारी, म्हणजे साहेबापुढं कागद मांडायची कारकुनी, केलेले. दुष्काळ, प्लेग, चार तालुकदार आणि चुलतसासूबाई एवढं सगळं पाहूनही त्यांच्या हातातला अडकित्ता कधी ढळला नव्हता. तो त्या दिवशी ढळला, कारण मी त्यांच्यापुढं एक निळा कागद ठेवला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "हा कागद तुम्ही कुणाला दाखवला?"

"अजून कुणालाच नाही."

"मग चुलीत घाला."

दमू कूस बदलून पुन्हा झोपली. मी कागद उचलला, झटकला आणि चुलीत न घालता फडताळात ठेवला. पुढचं सगळं रामायण इथून सुरू झालं, आणि ते मीच सुरू केलं हे कबूल करायला मला लाज नाही.

झालं होतं असं. आमचे हे इथल्या हुन्नरशाळेत उस्ताद आहेत. बेगमपुऱ्याकडं जाताना एक लांबट कौलारू इमारत लागते, आतून दिवसभर ठोकाठोकी ऐकू येते, ती. पोरांना तिथं इंजिनं, फिटरकाम, नळकाम आणि नकाशे काढणं शिकवतात. शिकवणारे तिघं. नकाशांचे बद्रीनाथ मास्तर पूर्वी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांनी एक पूल बांधला होता. पूल अजून शाबूत आहे, नदी तेवढी बाजूनं वाहते. नळकामाचे निजामुद्दीन उस्ताद आमचे शेजारी. त्यांची उमर जमिनीखाली गेली. शहराला पाणी आणणारी जुनी नहर आहे ना, तिच्यात ते कंदील घेऊन शिरायचे आणि कुठं पिंपळाची मुळी घुसलीय, कुठं नळ तडकलाय ते नुसता कान लावून सांगायचे. तिसरे हे. इंजिनांचे.

इस्फंदार या निजामी महिन्यात हैदराबादहून गश्ती, म्हणजे सरकारी परिपत्रक, आली, की प्रत्येक उस्तादानं आपला पूर्वीचा पेशा लेखी कळवावा, जिथं काम केलं तिथला दाखला जोडावा, आणि दाखल्यावर मोहल्ल्यातल्या एका मोतबर, म्हणजे भरवशाच्या, माणसाची सही घ्यावी. दाखला नसेल त्यानं महिनाअखेर शाळेच्या किल्ल्या द्याव्यात आणि घरी बसावं. घरी बसून काय करावं ते गश्तीत नव्हतं.

यांनी गश्ती वाचली, घडी घातली आणि घडीवर तेलाची बरणी ठेवली. घरभर पसरेल एवढं इंजिन उलगडून पुन्हा जोडणारा माणूस, पण कागदावर रकाना दिसला की त्याला घाम फुटतो. मी म्हणलं, द्या इकडं. एक फॉर्म तर भरायचा. अर्ध्या तासाचं काम.

हे बोलण्याचा मला हक्क होता. मला उर्दू लिहिता येतं. निजामुद्दीन उस्तादांच्या बायकोनं, जहांआरा आपांनी, दोन उन्हाळे कैऱ्या चिरता चिरता मला ते शिकवलं. त्यामुळं माझा अलिफ थोडा विळीसारखा येतो, पण वाचता येतो.

तर दाखला. यांच्याकडं एकच होता, तो निळा कागद. लग्नाच्या वर्षी हे एका ठेकेदाराकडं होते. त्या ठेकेदारानं एका जिल्ह्याच्या तुरुंगात (नाव घेत नाही, उगाच तिकडं कुणाला उचकी लागायची) सतरंज्यांच्या कारखान्याला तेलावरचं इंजिन बसवायचं काम घेतलं, यांना आत पाठवलं, आणि स्वतः जो मुंबईला गेला तो अजून जातोच आहे. हे तीन महिन्यांसाठी गेले आणि चौदा महिने राहिले. इंजिन बसलं होतं, पण ते चालवायला माणूस नव्हता. मग यांनी कैद्यांतले अकरा जण निवडले आणि त्यांना शिकवलं. तेल कुठं घालायचं, पट्टा कधी सैल करायचा, इंजिन खोकायला लागलं तर कान कुठं लावायचा. यांच्या उस्तादकीची मुळाक्षरं ती. निघताना यांनी दाखला मागितला. तिथला कारकून भला माणूस होता. त्याच्याकडं छापील दाखला एकाच तऱ्हेचा होता, सुटणाऱ्या माणसाला द्यायचा. त्यानं तोच भरून दिला. आणि आमचे हे असे, की शिक्का जांभळा नि गोल उमटला म्हणून हरखून घरी आले.

कागदावर उर्दूत होतं ते असं: मजकूर इसम वैजनाथ हा या तुरुंगात चौदा महिने होता. नेमून दिलेलं काम त्यानं मन लावून केलं. वर्तणूक समाधानकारक. पळून जाण्याचा प्रयत्न, नाही. आता त्यास सोडण्यात येत आहे.

गुन्ह्याचा रकाना तेवढा कोरा होता. काय लिहिणार होता बिचारा.

मोतबर माणूस म्हणून समोरच्या लक्ष्मीबाईंचे यजमान. वकिलाचे कारकून, कपाळाला गंध, दाराला तांब्याची पाटी. मी कागद लक्ष्मीबाईंच्या हाती दिला आणि म्हणलं, सही तेवढी हवी. कागद दोन दिवसांनी परत आला. सही नव्हती. पण तेवढ्या दोन दिवसांत तो गुलमंडीच्या बाजारापर्यंत जाऊन आला असावा, कारण तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं दुधात पाणी घातलं नाही.

मला आधी कळेना. मग एकेक उलगडत गेलं. लक्ष्मीबाईंची मुलं दमूशी सागरगोटे खेळायची, ती एकाएकी पाढे म्हणायला बसली. हळदीकुंकवाला गेले तर बायकांनी मला पाटावर बसवलं आणि स्वतः जरा लांब बसल्या. एकीनं हळूच विचारलं, "काय गुन्हा होता हो?" मी म्हणलं, काही नव्हता. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "नका सांगू. रकाना कोरा ठेवलाय म्हणजे समजतंच. सरकारलासुद्धा लिहवलं नाही."

त्यानंतर सल्ले. लक्ष्मीबाई म्हणाल्या, सोळा सोमवार धरा. दुसरी म्हणाली, वेरूळला जाऊन अभिषेक करा, घृष्णेश्वर पोटात घालतो. तिसरीनं सल्ला दिला नाही, ट्रंक आणली. किल्ली हरवली होती. "तुमच्या ह्यांना जमेल ना? कुणाला सांगणार नाही." यांनी कुलूप उघडून दिलं. यांच्या मनात काही नव्हतं, यांना कुठलंही यंत्र बंद पडलेलं बघवत नाही. पण उघडलं ते एका खिळ्यानं आणि एका मिनिटात. झालं, उरलीसुरली शंका फिटली.

"अहो, निदान जरा वेळ तरी लावायचा," मी म्हणलं.

"कशाला? साधंच होतं," हे म्हणाले.

काकासाहेब आठव्या दिवशी आले. आले ते विजयी मुद्रेनं. उपरण्याच्या घडीतून एक नवा कोरा दाखला निघाला. त्यांच्या जुन्या ओळखीच्या कुणी पेशकारानं लिहून दिलेला. अक्षर काय सुरेख. त्यात आमचे हे त्याच तुरुंगात दुय्यम मुहर्रीर, म्हणजे कारकून होते.

"घराण्याला साजेसं आहे," काकासाहेब म्हणाले. "आपल्यात हातात लेखणी धरतात. हातोडा यानंच पहिल्यांदा धरला, तो कागदावर तरी नको."

हे भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "काका, पण मला उर्दू येत नाही. मी कारकून कसा?"

"ते तुला कोण विचारतंय?"

"पोरं विचारतील. शाळेतली."

 काकासाहेबांचं चुकत होतं असं नाही. महिनाअखेर किल्ल्या द्यायच्या म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. दुसरीकडं इंजिन आहे कुठं? एक कापसाचं जिनिंग होतं ते बंद पडलं. आणि यांना शाळेतून काढलं तर नोकरी जाईल हे खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे हे घरी बसतील, आणि माझ्याकडं उलगडण्यासारखं एक घड्याळ आणि एक जातं आहे. पण हा सुरेख दाखला दिला, तर चौदा महिन्यांत यांनी जे केलं ते कुणीच केलं नाही असं होईल. अकरा माणसं आपसूक शिकली म्हणायची.

मी काकासाहेबांना नमस्कार केला, दाखल्याची नीट घडी घातली आणि त्यांच्या उपरण्यात परत ठेवली. मग निळ्या कागदाला पुठ्ठा लावला, आणि ओटीवर, दारातून आत येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसेल अशा खिळ्याला तो अडकवला. लक्ष्मीनारायणाची तसबीर जरा सरकवावी लागली.

"हे काय?" काकासाहेब म्हणाले.

"ज्यांना वाचायचंय त्यांनी आत येऊन वाचावं," मी म्हणलं. "ओट्यावर उभं राहून मान कशाला लांब करायची."

काकासाहेब त्या दिवशी आमच्याकडं पानसुद्धा न खाता गेले. जहांआरा आपा मात्र आल्या, कागद मोठ्यानं वाचला आणि म्हणाल्या, "चालचलन अच्छा, भागा नै. अगं मीना, असा दाखला माझ्या मियाँचा कोण देणार? ते तर घरातूनबी भागतात."

कचेरीत मी स्वतः गेले, आपांना बरोबर घेऊन. पडद्याआडून बोलायची सोय होती. तिथला पेशकार सभ्य होता, अडवणूक अशी काही नाही, फक्त कायदा बोलत होता.

"बाईसाहेब, दाखला खरा आहे. शिक्का आहे. म्हणजे तुमचे यजमान कैदी होते."

"नव्हते. तिथं शिकवत होते."

"मग कैदी नव्हते असा तुरुंगाचा दाखला आणा."

"पत्र टाकलं होतं. ते म्हणतात, या नावाचा कैदी आमच्या वहीत नाही, म्हणून आम्ही कसलाच दाखला देऊ शकत नाही."

पेशकारानं दाखला उजेडाला धरून पाहिला. मग म्हणाला, "वहीत नाहीत, तर मग त्यांना सोडलं कसं?"

 आपा पडद्याआड तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी त्याला दया आली असावी. "मंगळवारी मोठे साहेब हैदराबादहून येताहेत. तिन्ही उस्तादांची तपासणी आहे. यांना शिकवताना पाहिलेला एखादा साक्षीदार असला तर आणा."

शिकवताना पाहिलेले अकराच. त्यातला एक मला माहीत होता. दर संक्रांतीला आमच्या दाराशी भुईमुगाच्या शेंगांची गोणी येते, चितेगावहून. पाठवणाऱ्याचं नाव सांडू. मी यांना सांगितलं तर हे पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "त्याच्याकडं जायचं नाही. तो सुटला, घरी गेला, संसार लावला. त्याचं ते संपलं."

"मी कुठं म्हणतेय जायचं," मी म्हणलं.

रविवारी टांगा करून गेले. दमू मांडीवर, शेजारी आपा. सांडूचं दुकान पैठणच्या रस्त्यालाच आहे, विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करतो. मला पाहताच हातातला पाना ठेवून पाया पडला. त्याच्या बायकोनं, आवडाबाईनं, पिठल्यात लसूण जास्त घातला, दमूला मांडीवर घेतलं आणि तासभर नवऱ्याचं कौतुक सांगितलं. "मुंबईच्या कारखान्यात शिकून आलेत हे. दीड साल व्हते तिकडं. लई मोठा सायेब व्हता म्हनं शिकवायला. हितं साऱ्या गावात असं काम कुनाला येत नाय."

सांडू चुलीकडं बघत होता.

निळा कागद मी पिशवीतून काढून मांडीवर ठेवला होता. आवडाबाई बोलायच्या आधी काढला होता, हे मी शपथेवर सांगते. तिचं बोलणं ऐकल्यावर तो लगेच आत का ठेवला नाही, याबद्दल मात्र मी शपथ घेत नाही. आवडाबाईला वाचता येत नव्हतं. सांडूला कागद वाचायची गरज नव्हती. तसाच निळा त्याच्याकडंही असणार.

"बाई, समदं ठीक हाय नव्हं?" त्यानं विचारलं.

"ठीकच," मी म्हणलं. "मंगळवारी कचेरीत तपासणी आहे एवढंच. होईल काय व्हायचं ते."

आपांनी मला चिमटा काढला. कशासाठी ते मी त्यांना विचारलं नाही, आणि परतीच्या वाटेवर त्याही बोलल्या नाहीत. टांग्यात दमू शेंगा सोलत होती आणि एकेक दाणा माझ्या तोंडात घालत होती.

मंगळवारी कचेरीच्या आवारात ही गर्दी. मोठे साहेब म्हणजे किडकिडीत, चष्मा लावलेले, प्रवासानं बेजार झालेले गृहस्थ. पडद्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. पहिले बद्रीनाथ मास्तर. त्यांच्याकडं सात दाखले, सोनेरी कडांचे. साहेबांनी विचारलं, "पूल कुठल्या नदीवर?" मास्तरांनी खरंच सांगितलं, "साहेब, आता कुठल्याच नाही." साहेबांनी पुढचं पान उलटलं.

मग निजामुद्दीन उस्ताद. त्यांच्याकडं एकही कागद नाही. म्हणाले, "साहब, मी तीस बरस नहरीत होतो. तिथं कागद भिजतो." साहेबांनी त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पाच पोरांची नावं लिहून घेतली आणि त्यांना खुर्ची दिली. आपांनी पडद्याआड इतका वेळ धरलेला श्वास सोडला.

आणि मग आमचे हे. साहेबांनी निळा कागद वाचला. परत वाचला. चष्मा पुसला.

"गुन्हा काय होता?"

"नव्हता, साहेब."

"रकाना कोरा का?"

"काही नव्हतं म्हणून."

"तुम्ही मुहर्रीर होता का तिथं? काहींचं म्हणणं असं आलंय माझ्याकडं." म्हणजे काकासाहेब तिथंपर्यंतही पोचले होते.  हे एक हो म्हणाले असते तर सगळं मिटलं असतं.

"नाही साहेब," हे म्हणाले. "उस्ताद होतो. कैद्यांचा."

आवारात कुणीतरी हसलं. लक्ष्मीबाईंचे यजमान असावेत, पण मी पाहिलं नाही, कारण त्याच वेळी दारातून सांडू आत आला. धुवट धोतर, डोक्याला फेटा, हातात चौघडी केलेला निळा कागद. त्यानं तो साहेबांच्या टेबलावर यांच्या कागदाशेजारी ठेवला.

"दोन्ही येकाच छापाचे हायेत, सरकार," तो म्हणाला. "माझ्या कागदात गुन्ह्याच्या जागी लिवलंय बघा. ह्यांच्यात लिवलेलं नाय. मी आत व्हतो, हे शिकवायला व्हते. मला इंजिन ह्यांनीच शिकवलं. आमी अकरा जन व्हतो. इचारा, कुठला पेच किती आवळायचा ते सांगतो."

साहेबांनी विचारलं नाही. दोन्ही कागद शेजारी लावून पाहिले, पेशकाराकडं पाहिलं, आणि त्या पेशकारानं जन्मात पहिल्यांदा कायदा काढला नाही. साहेबांनी फॉर्म ओढला आणि पूर्वीच्या पेशाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं: उस्ताद, तुरुंग. खाली सही. किल्ल्या आमच्याकडंच राहिल्या. लक्ष्मीबाईंचे यजमान पुढं होऊन सही करायला पेन शोधू लागले. मी पडद्याआडून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणलं, "राहू द्या. आता मोतबर माणसाची सही झाली."

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण साक्ष झाली की ती नोंदवून वाचून दाखवावी लागते, कायदा आहे. चपराशी दारात उभा राहिला आणि खणखणीत आवाजात वाचू लागला: सांडू, राहणार चितेगाव, अमुक तुरुंगात दीड वर्ष, गुन्हा अमुक. सांडूनं मान खाली घातली नाही. तो यांच्याकडं पाहत होता. हे सांडूकडं पाहत होते, आणि यांचे डोळे भरलेले मी लग्नानंतर दुसऱ्यांदा पाहिले.

आवारातल्या चिंचेखाली आवडाबाई भाकरीचं गाठोडं घेऊन उभी होती. नवरा कशाला निघालाय ते तिला कळलं नव्हतं, म्हणून ती मागनं आली होती. चपराशाचं वाचून संपलं. ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, "मुंबईचा समिंदर कसा असतो म्हनून मी रोज इचारायची. तर गप बसायचा ह्यो." गाठोडं तिनं चिंचेखालीच ठेवलं आणि पैठणच्या रस्त्याला लागली. सांडूनं गाठोडं उचललं आणि तिच्या मागं, दहा पावलं अंतर ठेवून चालू लागला. हे त्याला हाक मारायला धावले, पण हाक मारली नाही.

घरी येताना टांग्यात दमू धरून आम्ही तिघंच होतो. हे किल्ल्यांचा जुडगा धरून बसले होते. गल्लीत लक्ष्मीबाईंनी दारातूनच विचारलं, झालं का मनासारखं, आणि मी म्हणलं, हो, पूर्ण मनासारखं, आणि मान वर करून टांग्यातून उतरले. माझ्या नवऱ्यानं चोरून मिळवलेलं काही नाही. जे होतं ते भिंतीला टांगलं, आणि तेच खरं ठरलं. हे मी कुणालाही सांगेन. काकासाहेबांनाही सांगेन.

दमूची वेणी सोडायला बसले. तिच्या केसांत शेंगांची टरफलं अडकली होती, चितेगावच्या शेंगा ती आजही टांग्यात सोलत होती. एकेक काढत होते, आणि ती माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती. मग तिनं विचारलं,

"आई, सांडूमामाला आपण ये म्हणलं नव्हतं ना गं?"